दोन विटांचं दार

शेवंताअक्काचा मला अजून राग येतो. परवा ऑफिसात नव्याने रुजू झालेल्या बाईंना सर्वेक्षणाचा फॉर्म समजावून सांगत होते. ‘कुटुंबास स्वतंत्र दार आहे काय?’ या रकान्यावर बोट आलं आणि माझं बोलणंच थांबलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, पाणी आणू का?” त्यांना काय सांगणार, कप्पाळ! या एका रकान्यापायी एका म्हातारीने माझ्या दोन वर्षांच्या कामावर पाणी ओतलं, आणि तिचं चुकलं असं मला आजवर छातीठोकपणे म्हणता आलेलं नाही. राग त्याचाच आहे.

मी बेघरांच्या कामावर आहे. काम कायमचं, नोकरी मात्र कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी मला नव्याने नेमतात आणि त्याच मोडक्या खुर्चीवर बसवतात. धुळ्यात पुलाखाली कोण झोपतं, स्टँडच्या कट्ट्यावर कोण, देवळाच्या ओट्यावर कोण, याच्या याद्या मी करते. अशा याद्या करण्यात सहा वर्षं गेली होती, तरी शहरात जमिनीखाली माणसं राहतात याचा मला पत्ता नव्हता. आणि मी देवपूरहून ऑफिसला जाताना रोज त्यांच्या डोक्यावरून स्कूटी नेत होते!

पांझरेचा पूल उतरून थोडं पुढे गेलं की एक अर्धवट व्यापारी संकुल होतं. बांधणारा आणि जागेचा मालक कोर्टात भांडत बसले, त्यामुळे वर दोन मजल्यांचे नुसते खांब आणि गंजलेल्या सळया. मार्चमधल्या एका दुपारी माझ्यापुढे एक म्हातारी चालली होती. डोक्यावर लाल मिरच्यांचं पोतं, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली. मी सहज मान वळवली आणि परत पाहते तो म्हातारी नाही. रस्ता सरळ, आडोसा नाही, आणि बाई गायब. मी स्कूटी लावली आणि शोधायला गेले. पत्र्याच्या कुंपणाला एक फट होती, फटीमागे गाड्यांसाठी केलेला उतार, आणि उताराखाली काळाकुट्ट अंधार. त्या अंधारातून पाठोपाठ चार शिंका ऐकू आल्या.

खाली उतरले. डोळे सरावले तशी एकेक गोष्ट दिसायला लागली. खांब, खांबांना बांधलेल्या दोऱ्या, दोऱ्यांवर लुगडी, चूल, पाळणा. पंधरा-सोळा बिऱ्हाडं तरी असतील. मी म्हातारीकडे निघाले तर ती पोतं टाकून कडाडलीच, “ए बाई! भितमाथीन कोठे येस वं? दारमाथीन ये!”

भिंत? कुठली भिंत? मी खाली पाहिलं. फरशीवर चुन्याची रेघ ओढलेली होती आणि माझी चप्पल बरोबर त्या रेघेवर होती. म्हातारीने बोट दाखवलं. रेघेत एका जागी दोन विटा ठेवल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा. ते दार.

मी मुकाट्याने मागे फिरले, वळसा घालून विटांपाशी आले. आत पाय टाकणार तोच ती पुन्हा म्हणाली, “आवाज दे ना आधी.” काय आवाज देऊ? शेजारच्या खांबाला टेकून कुलपं दुरुस्त करत बसलेले एक दाढीवाले म्हातारबुवा हळूच म्हणाले, “बेटी, ‘शे का घरमा’ म्हण.” तर बघा, समोर चार हातांवर बसलेल्या बाईला, तिच्या डोळ्यांत बघत, मी शिकल्यासवरल्या मॅडमने ती घरात आहे का म्हणून विचारलं, “शे का घरमा?”

“शे ना!” म्हातारीचं तोंड एकदम उजळलं. “ये वं माय, बस. च्या लेशी?”

ही शेवंताअक्का. शिंदखेड्याकडच्या खेड्यातली. नवरा गेल्यावर दिराने तिला बाहेर काढलं, एवढंच मला माहीत आहे. त्यापलीकडे विचारलं की म्हणायची, “जुनं कसाले उकरस?” आणि हातातली मिरची पुढे करायची. व्यापाऱ्याकडून मिरचीचं पोतं आणायचं, देठं खुडायची, साफ मिरची परत न्यायची, हे तिचं काम. बोटं कायम लालभडक, सुजलेली. त्या हाताने ती कधी डोळ्यातलं कुसळ काढायची नाही की पोराला शिवायची नाही. रेखा नावाची एक पोर नवऱ्याबरोबर तिच्या पलीकडच्या खांबाला राहायची. तिचं तान्हं अक्काला फार आवडायचं. अक्का त्याला कोपरांत घ्यायची, दोन्ही पंजे वर हवेत धरून, आणि तशीच झुलायची. कोणी नवखं पाहिलं तर बाई नाचतेय की काय असं वाटावं.

तळघरातलं सगळं त्या चुन्याच्या रेघांवर चालायचं. दर अमावास्येला अक्का स्वतः फिरून पुसट झालेल्या रेघा नव्याने ओढायची. रेघेवरून कोणी जायचं नाही, हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही. आणि सगळ्यात कडक कायदा म्हणजे भिंतीपलीकडचं दिसत नाही. पलीकडे कोणी आंघोळ करत असेल तर तुम्हाला दिसत नाही. कोणाच्या चुलीवर आज काही नाही, तुम्हाला दिसत नाही. फक्त संध्याकाळी अक्काची भरलेली वाटी “जास्त व्हयनी माय” म्हणत त्या दारात जायची. एकदा रेखाचं आणि तिच्या नवऱ्याचं असं कडाक्याचं भांडण झालं की भांडी फेकली गेली, त्यातला एक तांब्या घरंगळत थेट अक्काच्या चुलीपाशी आला. सगळं तळघर कान देऊन बसलेलं. मी दुसऱ्या दिवशी विचारलं, “अक्का, काल काय झालं हो?” अक्का शांतपणे म्हणाली, “माले काय माहीत? बंद दारमांगे काय चालस, आपुन कसाले दखो?” आणि तो तांब्या घासूनपुसून रेखाच्या दोन विटांशी गुपचूप ठेवून आली.

कुलूपवाले युसूफचाचा तिचे जुने शेजारी. ते गमतीने म्हणायचे, “साऱ्या धुळ्याची कुलपं मी उघडतो, मॅडम, पण अक्काच्या घरात घुसायची माझी हिंमत नाय.” चाचांनी तिला खांबावर खडूने गिरवून गिरवून सही शिकवली होती. ‘शेवंता’ एवढंच, पण काय तोरा! व्यापाऱ्याच्या माणसाने अंगठ्याची शाई पुढे केली की ती डबी परत सरकवायची आणि पेन मागायची. सहीला दोन-तीन मिनिटं लागायची. मागे लोक खोळंबले तरी ती शेवटचा काना ओढल्याशिवाय उठायची नाही.

एकदा जागामालकाची दोन माणसं आली. “चला, उठा, जागा खाली करा,” वगैरे दमदाटी. अक्का उठली. भरलेलं पोतं उचललं, त्यांच्या पायांशी रिकामं केलं आणि ते रिकामं पोतं जोरजोरात झटकू लागली. दोन मिनिटांत दोघांची शिंकून शिंकून दशा झाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग ही बाई तांब्याभर पाणी घेऊन उभी! “प्या रे भाऊ, प्या. गरिबनं घर शे, ठसका लागसच.” ते पाणी पिऊन गेले. महिनाभर परत फिरकले नाहीत.

पण कोर्टाचा निकाल लागला. वर दुकानं, खाली गाड्यांची जागा. तळघर उन्हाळा संपायच्या आत मोकळं करायचं ठरलं.

आता माझं ऐका. त्याच सुमाराला देवपुरात बेघरांसाठी निवारा बांधून तयार झाला होता. पक्क्या खोल्यांची इमारत, पाणी, संडास, पंखे. कुटुंबांना वेगळ्या खोल्या. दोन वर्षं मी त्या निवाऱ्यामागे चपला झिजवल्या होत्या, आणि तळघरातलं एकेक नाव प्रस्तावात घातलं होतं. एकच गोष्ट बाकी होती. वरून एक साहेब पडताळणीला येणार, डोळ्यांनी बघणार आणि ‘बेघर’ असा शेरा मारणार. शेरा मिळाला की खोल्या. नाही मिळाला तर सोळा बिऱ्हाडं भर उन्हात रस्त्यावर. इतकं सोपं होतं हो ते! कोणीही आंधळ्याने येऊन बघावं आणि सांगावं की ही माणसं बेघर आहेत.

आदल्या दिवशी मी खाली जाऊन सगळ्यांना बसवून सांगितलं. “उद्या साहेब येणार. काही करू नका. आवरू नका, झाडू नका. जसं आहे तसं दिसू द्या. विचारलं तर सांगा, काही नाही आमच्याकडे. दोन महिन्यांनी पक्क्या खोलीत असाल.”

सगळ्यांनी माना हलवल्या. अक्काने हलवली नाही. “पाहुना येवाव शे,” ती म्हणाली, “आनी घर आसंच ठेवानं?”

“पाहुणा नाही अक्का, तपासणी आहे!”

“आपला घर येस तो पाहुनाच ना माय?”

मी हात जोडले. अक्षरशः हात जोडले. ती हसली आणि म्हणाली, “बरं, बरं.” मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांना घेऊन उतारावरून खाली आले आणि पाहते तो काय! सगळं तळघर शेणाने सारवलेलं. चुन्याच्या रेघा पांढऱ्याशुभ्र. प्रत्येक दोन विटांपुढे रांगोळी. रेखाच्या दारावर आंब्याच्या पानांचं तोरण, दोन काठ्या उभ्या करून त्यांना बांधलं होतं. लुगडी धुऊन पडद्यासारखी सरळ टांगलेली. खुर्च्या दोन, कुठून मागून आणल्या कोण जाणे. मिरचीचं एक देठ कुठे दिसेना. माणसं न्हाऊनधुऊन आपापल्या घरात बसलेली, युसूफचाचांच्या डोक्यावर नवी टोपी. आणि बाहेर धुळ्याचा मे महिना, डांबर वितळत होतं. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, “वा! इथे तर एसीच लावलाय की.”

“तळघर आहे साहेब, म्हणून गार,” मी घाईघाईने म्हणाले.

साहेब रेघेवरून आत शिरणार, तर अक्काने त्यांनाही थांबवलं. “भाऊ, दारमाथीन या.” साहेब हसले, त्यांना गंमत वाटली. वळसा घालून विटांमधून आले. खुर्चीवर बसले, चहा झाला, वर गरम गरम भजी. मग त्यांनी फॉर्म काढला.

“स्वयंपाकाची स्वतंत्र जागा आहे?”

“शे ना.” अक्काने चूल दाखवली, सारवलेली, कडेने रांगोळीची बोटं ओढलेली.

“किती वर्षांपासून राहता?”

“नऊ वरीस व्हयनात.” इतक्या अभिमानाने सांगितलं!

मी साहेबांच्या पाठीमागून डोळे वटारत होते, नकारार्थी हात हलवत होते. अक्का माझ्याकडे बघतही नव्हती. पाहुण्याकडे बघत होती.

“कुटुंबास स्वतंत्र दार आहे?”

“साहेब,” मी मध्ये पडले, “दार कुठलं इथे, या नुसत्या—”

“तुम्हाला नाही विचारलं, मॅडम. त्यांना बोलू द्या.”

अक्काने दोन विटांकडे हात केला. “हाई दखा ना. आते तठूनच उनात ना तुम्ही?”

आले तर ते तिथूनच होते. साहेबांनी ‘हो’वर खूण केली. मग ते दार सोळाच्या सोळा घरांत निघालं. युसूफचाचांनी तर आपल्या विटांशेजारी एक मोठं पितळी कुलूप शोभेला ठेवलं होतं. निघताना साहेब मला म्हणाले, “फारच स्वच्छ राहतात हो. आमच्या सोसायटीत इतकं नाही.” त्यांना खरंच आनंद झाला होता. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर दुखणं. वाईट असता तर मी भांडले तरी असते.

आठवड्याने कागद आला. ‘सदर कुटुंबे छताखाली, स्वतंत्र निवासव्यवस्थेसह वास्तव्यास असल्याचे आढळले. सबब बेघर या व्याख्येत बसत नाहीत.’

मी तो कागद घेऊन तळघरात गेले आणि अक्कावर तोंड सोडलं. विटांबाहेर उभं राहून, हाक न मारता. “काय मिळालं? सांगितलं होतं ना, आवरू नका म्हणून? एकदा, फक्त एकदा सांगितलं असतं की दार नाही, तर काय जीभ झडली असती? सगळ्यांना रस्त्यावर आणलंत तुम्ही!” आजूबाजूच्या सगळ्या घरांनी ऐकलं आणि नियमाप्रमाणे कोणालाच ऐकू आलं नाही. सगळे खाली माना घालून बसले होते.

अक्काचा हात मिरचीवर थांबला. मग म्हणाली, “आपला घरले दार नही, असं कोनी सांगस का वं माय? बठ्ठासना समोर?”

तिने भोवतालच्या साऱ्या घरांवरून हात फिरवला. मी फणफणत वर आले.

मग अर्ज, स्मरणपत्रं, टेबलं. एक जण म्हणाला छत आहे, दुसरा म्हणाला फाइल पुढे गेली, तिसरा म्हणाला पुढच्या सर्वेक्षणात बघू. तोवर जूनच्या सुरुवातीला तळघर मोकळं केलं. दमदाटी नाही, काही नाही. माणसांनी आपापल्या विटा उचलून कडेला रचल्या आणि उतारावरून वर गेली. युसूफचाचा पारोळ्याला पुतण्याकडे, रेखा नवऱ्यामागे जळगावला केळीच्या गाड्या भरायला. बाकीचे कुठे गेले, माझ्या यादीत नाही. आठवड्याभरात तिथे गाड्यांसाठी पिवळे पट्टे मारले. देवपूरचा निवारा मात्र अर्धा रिकामा पडला होता, कारण व्याख्येत बसणारी माणसंच मिळेनात! हसावं की रडावं?

अक्का कुठे गेली नाही. एका बंद दवाखान्याच्या भिंतीला प्लॅस्टिक लावून राहिली. पावसाने मिरचीचं काम थांबलं, गुडघे सुजले, उठताना भिंतीला धरावं लागायचं. श्रावणात मी एक वाट काढली. कुटुंब म्हणून जमत नव्हतं, पण एकट्या निराधार व्यक्तीला निवाऱ्यात पलंग देता येत होता. त्यासाठी वेगळा फॉर्म. मी तो भरला आणि तिच्याकडे घेऊन गेले.

“वाची दखाड,” ती म्हणाली.

मी नाव वाचलं, वय वाचलं, आणि घाईघाईने पान उलटू लागले. तिने माझं मनगट धरलं. “बठ्ठं वाच.”

मग सगळं वाचलं. ‘अर्जदार भिक्षा मागून उदरनिर्वाह करते. तिला कोणताही आसरा नाही.’ असंच लिहावं लागतं, दुसरा पर्याय त्या फॉर्मवर नाही, असं मी भराभर सांगायला लागले. तिने मला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

“मी कधी भीक मांगी का वं?”

“नाही, अक्का.”

“तुले माहीत शे ना?”

“माहीत आहे.”

पावसाची बुरबुर चालू होती. तिने गुडघ्यावरून हात फिरवला. मला वाटलं आता ही फॉर्म भिरकावणार, आणि खरं सांगते, भिरकावला असता तर मला बरं वाटलं असतं. मी पेन पुढे केला. तिने तो घेतला नाही.

“भिकारीन सही करस का?” ती म्हणाली. “अंगठानी शाई आन.”

शाई आणली. तिने अंगठा टेकवला, आणि पदराला न पुसता तसाच हात मांडीवर ठेवून बसली.

नंतर मी निवाऱ्यात गेले ती महिन्याभराने. मुद्दामच उशीर केला, तोंड दाखवायची लाज वाटत होती. सोबत थोडी केळी नेली होती. लांबलचक खोली, ओळीने लोखंडी पलंग, बरेचसे मोकळे. आत मिरचीचं काम करायला मनाई, चूल पेटवायला मनाई, बाहेरचं कोणी आणायला मनाई. सगळी पाटी दाराशी लावलेली. अक्का खिडकीजवळच्या पलंगाच्या कडेला बसली होती. तिची बोटं मी पहिल्यांदाच इतर बायांच्या बोटांच्या रंगाची पाहिली.

मला बघताच ती पलंगाचा दांडा धरून उठायला लागली. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जोर लावून उठली. मी धावत गेले. “अक्का, अहो बसा ना! माझ्यासाठी काय उठता?”

“कोनी साहेब-मॅडम उनात का उभं ऱ्हावानं,” ती म्हणाली, “असं सांगेल शे.”

साहेब-मॅडम आले की उठून उभं राहायचं, हा तिथला नियम. मी दोनदा, तीनदा सांगितलं बसा म्हणून. ती माझ्याकडे न बघता दारावरच्या पाटीकडे बघत होती. शेवटी मीच केळी पलंगावर ठेवली आणि बाहेर आले. खिडकीतून मागे वळून पाहिलं. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती तशीच उभी होती.